कागदावर नाव कोणाचे?

(मिशनच्या वार्षिक कार्यकर्ता व देणगीदार मेळाव्यात, पाड्यांवरील बचत गटांना हिशेबाचे मार्गदर्शन करणाऱ्या आमच्या एका भगिनींनी केलेले भाषण थोडे संक्षिप्त करून येथे देत आहोत. – संपादक)



पाळकसाहेबांनी मला आज जो विषय दिला आहे, तो ऐकून तुमच्यापैकी काहींना वाटले असेल की मिशनच्या मेळाव्यात हे काय आले! पाड्यांवर जे नवे लहान धंदे उभे राहत आहेत, त्यांची नोंदणी कोणत्या स्वरूपात करावी, हा तो विषय. त्यात कायदे आहेत, फॉर्म आहेत, आकडे आहेत. पण तुम्ही दिलेल्या देणगीचे पुढे काय होते, हे बऱ्याच अंशी या नोंदणीवर ठरते. म्हणून थोडा वेळ माझ्याबरोबर राहा.

तुमच्या मदतीतून पाड्यांवर पापडाचे यंत्र पोचले, शिलाई मशीन पोचली, बांबूकामाची हत्यारे पोचली. माल तयार होऊ लागला, आठवडी बाजारात खपू लागला. इथपर्यंत कोणताही कागद लागत नाही. बाजारात नागलीचे पापड घेऊन बसलेल्या बाईला कोणी पॅन नंबर विचारत नाही. पण नाशिकचा एखादा दुकानदार किंवा एखादे वसतिगृह महिन्याला पन्नास किलो माल मागते, तेव्हा पहिला प्रश्न येतो, "बिल कोणाच्या नावाने देणार? पैसे कोणाच्या खात्यात टाकू?"

या प्रश्नाला पाड्यावर उत्तर तयार नसते. मग जो जवळ असतो तो उत्तर देतो. गावातला व्यापारी म्हणतो, माझ्या नावाने घ्या. टेम्पोवाला म्हणतो, माझ्या खात्यात टाका. आणि कधी कधी आपणच प्रेमाने म्हणतो, मिशनच्या नावाने घ्या. तिन्ही उत्तरे सोयीची आहेत. पण तिन्हींत पहाटे उठून पीठ मळणारी बाई मालकीतून बाहेर जाते आणि पुन्हा मजूर होते. आज मला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे की कष्ट ज्याचे, त्याचेच नाव कागदावर हवे. आणि तो कागद त्याला स्वतःला सांभाळता येईल इतका साधा हवा.

चार प्रश्न

कोणताही गट माझ्याकडे आला की मी त्यांना आधी कायदा सांगत नाही. चार प्रश्न विचारते. पहिला, मालक कोण? दुसरा, निर्णय कोण घेणार? तिसरा, धंदा बुडाला तर कर्ज कोण फेडणार? चौथा, वह्या कोण लिहिणार आणि दरवर्षी सरकारकडे कागद कोण भरणार? या चार उत्तरांतून नोंदणीचा प्रकार बहुधा आपोआप पुढे येतो.

चौथा प्रश्न सगळ्यांनाच कमी महत्त्वाचा वाटतो. पण बुरूज बांधायला निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूने लोकसमुदायाला सांगितले होते. नोंदणीचा खर्च म्हणजे केवळ पहिल्या दिवशीची फी नव्हे. दरवर्षी लागणारा हिशेबनीस, तालुक्याच्या फेऱ्या, बुडालेली मजुरी, हाही खर्चच आहे. पाया घालून काम अर्धवट राहिले तर लोक हसतात. नोंदणीच्या बाबतीत मात्र हसण्यावर भागत नाही, दंड लागतो.

एकट्याचा धंदा

मोटारसायकल दुरुस्ती करणारा तरुण, पिठाची चक्की चालवणारे जोडपे, शिवणकाम करणारी भगिनी, यांना मोठा व्याप नको. एकट्याच्या मालकीचा धंदा, ज्याला प्रोप्रायटरशिप म्हणतात, तो पुरतो. त्यासाठी वेगळा कायदा नाही आणि धंद्याचा वेगळा पॅन नाही. मालकाचा पॅन तोच धंद्याचा पॅन. 'उद्यम' नोंदणी मात्र करून घ्यावी. १ जुलै २०२० पासून ती सुरू आहे, सरकारच्या संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण तशाच दिसणाऱ्या नकली वेबसाइटी फी मागतात आणि आपले लोक भरतात. उद्यमचे प्रमाणपत्र असले की धंद्याच्या नावाने बँकेत चालू खाते उघडणे सोपे जाते.

या प्रकारात एकच मोठी गोष्ट लक्षात ठेवायची. इथे धंदा आणि माणूस कायद्याला वेगळे दिसत नाहीत. धंद्याचे कर्ज ते मालकाचे कर्ज. त्यामुळे घरची वस्तू, घरचे पैसे, सगळेच त्यात ओढले जाऊ शकते. लहान धंद्याला हे चालते. कर्ज मोठे होऊ लागले की पुन्हा विचार करायला हवा.

भागीदारी

दोघा-तिघांनी मिळून बांबूचे फर्निचर करायचे ठरवले, तर १९३२ चा भागीदारी कायदा लागू होतो. आपल्याकडे भागीदारी बहुतेक वेळा मैत्रीवर चालते. नातेवाईक असतात, एकाच मंडळीचे असतात, म्हणून लेखी काही करत नाहीत. त्यांना मी तीन गोष्टी सांगते.

पहिली, लेखी काही नसेल तर कायदा सगळ्यांना नफा-तोट्यात समान वाटेकरी धरतो. एकाने चाळीस हजार घातले आणि दुसऱ्याने चार, तरी भांडण झाल्यावर वाटा सारखाच निघतो. दुसरी, एका भागीदाराने धंद्यासाठी केलेली उधारी सगळ्यांच्या डोक्यावर येते आणि सावकार कोणा एकाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो. तिसरी, करारपत्रात वेगळे लिहिलेले नसेल तर एक भागीदार वारला की भागीदारी संपते. म्हणून करारपत्रात हे लिहावे की त्याची विधवा किंवा मुलगा यांचा हिशेब कसा होईल आणि धंदा पुढे कसा चालेल. ज्या घरातला माणूस गेला, त्या घरासाठी ही एक ओळ फार मोलाची असते.

भागीदारीची नोंदणी कायद्याने सक्तीची नाही, म्हणून लोक ती टाळतात. पण नोंदणी नसलेल्या फर्मला, गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर त्या कराराच्या आधारावर कोर्टात दावा लावता येत नाही. शहरातल्या दुकानदाराला हे ठाऊक असते. पाड्यावरच्या तीन मुलांना ठाऊक नसते. तेव्हा भागीदारी करायची तर करारपत्र स्टँपपेपरवर करावे आणि रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदवावे.

मर्यादित दायित्वाची भागीदारी, म्हणजे एलएलपी, २००८ च्या कायद्याने आली. तीत भागीदारांची घरची मालमत्ता सुरक्षित राहते, हा चांगला भाग. पण त्या वर्षी एक रुपयाचा धंदा झाला नसला तरी वार्षिक विवरणपत्रे ऑनलाइन भरावीच लागतात, आणि उशीर झाला की दंड वाढत जातो. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे तसेच, वर ऑडिटही सक्तीचे. सलग तीन वर्षे कंपनीचे हिशेब भरले नाहीत तर तिच्या संचालकांना पाच वर्षे कुठल्याही कंपनीचे संचालक होता येत नाही. २०१७ साली देशभर लाखो संचालकांवर अशी अपात्रता आली. ज्यांच्या गावात नेटवर्क दोन टेकड्यांपलीकडे मिळते, त्यांच्या गळ्यात ही जबाबदारी अडकवण्याआधी दहा वेळा विचार करावा.

बचत गट

आता आपल्या भगिनींकडे येते. बहुतेक ठिकाणी त्यांचा बचत गट आधीच असतो, 'उमेद' अभियानात जोडलेला असतो, बँकेत खाते असते. मग त्यांना विचारले जाते, "आता कंपनी करायची का?" माझे उत्तर साधारणपणे असते की आत्ता नको.

जव्हार भागातल्या एका गटाचे उदाहरण सांगते. पाड्याचे नाव सांगत नाही. अकरा जणी, सगळ्या वेगवेगळ्या घरच्या. नागली स्वतःच्या शेतातली, पापड स्वतःच्या हातचे. शहरातून नियमित मागणी आली, तेव्हा कोणी तरी त्यांना कंपनी काढायचा सल्ला दिला. आम्ही एक दुपार त्यांच्याबरोबर बसलो आणि ते चार प्रश्न विचारले. मालक कोण, तर अकराही जणी. निर्णय कोण घेणार, तर दर सोमवारची बैठक. कर्ज किती, तर गटाचे जुने अंतर्गत कर्ज सोडले तर नाही. वह्या कोण लिहिणार, इथे सगळ्या एकीकडे बघू लागल्या. अकरा जणींत एकटी सून दहावी शिकलेली होती.

त्यांनी गटच ठेवला. मात्र बचतीच्या नियमांत धंद्याचे नियम लिहून घातले. कोणी किती दिवस काम केले याची हजेरी, मजुरी आधी आणि नफा नंतर, यंत्र गटाचे असून कोणा एकीच्या घरचे नाही, एखादी लग्न होऊन किंवा कामासाठी बाहेर गेली तर तिचा हिशेब कसा द्यायचा. गटाच्या नावाने पॅन काढला, अन्न सुरक्षेची नोंदणी काढली. पाकिटावर जो चौदा आकडी नंबर छापतात, तो याच नोंदणीचा. आणि वही लिहायला त्या सुनेबरोबर आणखी दोघींना बसवले, कारण एकाच माणसाला लिहिता येते तिथे तोच माणूस हळूहळू मालक होतो. तसे तो ठरवून करतो असे नाही, पण होते.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. पन्नासहून अधिक माणसांनी कुठल्याही कायद्याखाली नोंदणी न करता नफ्यासाठी एकत्र धंदा करणे कंपनी कायद्याला मान्य नाही. तेव्हा चार-सहा पाड्यांचे गट एकत्र येऊन मोठा व्यापार करू लागले, की मग पुढच्या पायरीची वेळ येते.

सहकारी संस्था की उत्पादक कंपनी?

इथे दोन वाटा आहेत आणि दोन्ही चांगल्या आहेत.

पहिली वाट सहकारी संस्थेची. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा आहे. वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान दहा माणसे लागतात. भाग कितीही असोत, प्रत्येक सभासदाला एकच मत. कार्यालय तालुक्याला किंवा जिल्ह्याला, निबंधकांचे. दरवर्षी लेखापरीक्षण, ठरल्या वेळी निवडणूक, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा. आपल्या भागाला सहकार नवा नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यात १९४० च्या दशकाच्या अखेरीस जंगल कामगार सहकारी संस्था उभ्या राहिल्या, त्या लाकडाच्या ठेकेदाराला बाजूला करण्यासाठी. पुढे १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले आणि आदिवासी विविध कार्यकारी संस्थांमार्फत धान्याची व वनोपजाची खरेदी होऊ लागली. त्या इतिहासातून एक शिकण्यासारखे आहे. ठेकेदार गेला, पण काही ठिकाणी सभासद सही करण्यापुरते राहिले आणि कारभार बाहेरच्या जाणत्या मंडळींच्या हातात राहिला. ती माणसे बरीच वेळा भलीच होती. तरीही सभासद शिकले नाहीत.

दुसरी वाट उत्पादक कंपनीची. अर्थतज्ज्ञ योगिंदर अलघ यांच्या समितीच्या शिफारशीवरून २००२ च्या दुरुस्तीने ती कंपनी कायद्यात आली. दहा किंवा अधिक उत्पादक लागतात. उत्पादक म्हणजे शेतकरी तर आहेतच, पण वनोपज गोळा करणारे, मधमाश्या पाळणारे, हस्तकला करणारेही त्यात येतात. म्हणजे हिरडा वेचणारे कातकरी कुटुंब आणि वारली चित्रे काढणारे तरुण, दोघांनाही ही वाट खुली आहे. इथेही माणशी एकच मत. भाग बाजारात विकता येत नाहीत, त्यामुळे बाहेरचा पैसेवाला भाग विकत घेऊन कंपनी ताब्यात घेऊ शकत नाही. सभासदाची जबाबदारी त्याच्या भागापुरती. मात्र किमान पाच संचालक हवेत, पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी हवा, ऑडिट हवे, आणि मघाशी सांगितलेली सगळी वार्षिक विवरणपत्रे हवीत. केंद्र सरकारने २०२० साली दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांची योजना आणली, तिच्यात मैदानी भागात किमान ३०० सभासदांची अट होती, डोंगराळ भागात १००. त्या आकड्यावरूनच लक्षात येईल की दहा जणांनी कंपनी काढणे कायद्याला चालते, पण पगारी माणसाचा खर्च निघायला सभासद बरेच जास्त लागतात.

यांत निवड कशी करावी? सभासदांना तालुक्याचे कार्यालय ओळखीचे असेल, व्यवहार जिल्ह्यातला असेल, तर सहकारी संस्था. माल दूरच्या कंपन्यांना जाणार असेल आणि पगारी व्यवस्थापक परवडत असेल, तर उत्पादक कंपनी. दोन्हींचा आधार पक्का व्हायला आधी दोन-तीन वर्षे गट म्हणून एकत्र काम झालेले असावे.

आणि माल जर जंगलातला असेल, तर कोणत्याही नोंदणीआधी ग्रामसभेकडे जावे. २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजावर मालकी हक्क मान्य केला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाच्या ग्रामसभेच्या हाती २०११ साली बांबूच्या वाहतुकीच्या पासांचे पुस्तक आले, ते याच हक्कामुळे. जे साऱ्या गावाचे आहे, ते पाच जणांनी फर्म नोंदवून आपल्या नावाने विकायला काढले, तर गावात फूट पडते. त्या नोंदणीला मिशनने हातभार लावू नये.

नावाचा मालक

आता एक दुखरी गोष्ट. आदिवासी उद्योजकांना सरकारी धोरणांत काही राखीव संधी आहेत. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार, सरकारी खात्यांनी आणि उपक्रमांनी आपल्या खरेदीतला ४ टक्के भाग अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून घ्यायचा आहे. उद्योग त्यांचा मानला जाण्यासाठी एकट्याचा धंदा असेल तर मालक स्वतः त्या समाजाचा हवा. भागीदारी किंवा कंपनी असेल तर किमान ५१ टक्के वाटा त्यांचा हवा. नियम चांगला आहे. पण त्यामुळेच बाहेरची माणसे पाड्यावर येतात आणि म्हणतात, "तू फक्त सही कर. धंदा मी बघतो. तुला महिन्याला काही तरी देईन."

आमच्याकडे एक तरुण आला होता. त्याच्या नावाने फर्म होती, जीएसटी नंबर होता, बँकेत खाते होते. चेकबुक दुसऱ्याकडे, नोंदणीत दिलेला मोबाइल नंबर दुसऱ्याचा, ईमेल दुसऱ्याचा. त्याला महिन्याला थोडे पैसे मिळत. मग कराच्या थकबाकीची नोटीस आली, ती मात्र त्याच्या घरी आली. त्याच्या आईने ती देवळीत जपून ठेवली होती, सरकारी पत्र आहे म्हणून. कायद्याच्या नजरेत मालक तोच. दुसऱ्या माणसाचे नाव कुठल्याच कागदावर नव्हते. ते प्रकरण अजून मिटलेले नाही. तो आठवड्यातले चार दिवस मजुरीला जातो आणि एक दिवस वकिलाकडे.

म्हणून आपल्या मंडळीतल्या तरुणांना हे सांगा. नोंदणीत मोबाइल नंबर आपलाच द्यावा. ओटीपी कोणालाही सांगू नये. कोऱ्या चेकवर सही करू नये. पासवर्ड वहीत लिहून घरी ठेवावा. आणि 'तू फक्त सही कर' असे कोणी म्हटले, तर त्या दिवशी सही करू नये. घरी येऊन दोघांना दाखवून मग ठरवावे.

मिशनने मालक का होऊ नये

इथे काही जण विचारतील, एवढा धोका आहे तर आपल्या ट्रस्टच्याच नावाने सगळे का चालवू नये? मिशनवर लोकांचा विश्वास आहे, हिशेब स्वच्छ आहेत.

पहिले कारण कायद्याचे. आपला ट्रस्ट धर्मादाय आहे. ट्रस्टने धंदा करायचा तर तो त्याच्या मूळ हेतूला धरून आणि वेगळे हिशेब ठेवूनच करता येतो. तसे नसेल तर करसवलत धोक्यात येते. परदेशातल्या मंडळ्यांकडून आलेली देणगी तर २०२० च्या दुरुस्तीपासून दुसऱ्या व्यक्तीकडे किंवा संस्थेकडे वर्ग करता येत नाही. तेव्हा त्या पैशातून एखाद्या फर्मला भांडवल देणे शक्य नाही. मिशनच्या आवारातली खोली कामाला द्यायची म्हटली तरी तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. या गोष्टी प्रेमाने केल्या म्हणून माफ होत नाहीत. चूक झाली तर शाळा आणि दवाखानाही अडचणीत येईल.

दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. पौल प्रेषित तंबू करीत असे. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर राहून त्याने ते काम केले, कोणावर भार पडू नये म्हणून. आपल्या हातच्या कामावर उभे राहणाऱ्या माणसाचा कणा ताठ असतो. धंदा मिशनचा असेल, तर पाड्यावरची बाई आपल्याशी कायम मागणाऱ्याच्या सुरात बोलेल. धंदा तिचा असेल, तर ती एखाद्या दिवशी आपल्याला 'नाही' म्हणू शकेल. मला त्या दिवसाची वाट पाहायला आवडेल.

याच कारणाने आणखी एक विनंती. गटाचे सभासदत्व प्रार्थनेला येण्यावर अवलंबून ठेवू नये. नागली दळणाऱ्या बाईची वाटी भरताना तिचा धर्म विचारायचा नसतो. नियमांच्या कागदावरही तो विचारू नये.

कामाचा क्रम

जे कार्यकर्ते पाड्यांवर जातात, त्यांनी एवढा क्रम लिहून घ्यावा. सर्वांत आधी आधार, पॅन आणि बँक पासबुक यांवरची नावे जुळतात का ते पाहावे. एका कागदावर नावापुढे 'बाई' असते, दुसऱ्यावर नसते. जन्मतारीख तर तीन ठिकाणी तीन असते. अर्धा वेळ इथेच जातो, म्हणून हे पहिल्याच दिवशी करावे. मग नियम किंवा करारपत्र लेखी करावे आणि ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे, त्यांच्या बोलीत समजावून सांगावे. मग पॅन, मग बँक खाते, तेही शक्यतो दोघींच्या सहीचे. मग उद्यम. खाण्याचा माल असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी.

जीएसटीची घाई करू नये. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत ती नोंदणी लागत नाही. पण आपला भाग सीमेवरचा आहे. करपात्र माल सिल्व्हासा किंवा वापीला विकला की तो राज्याबाहेर गेला, आणि मग उलाढाल कमी असली तरी नियम बदलतो. मालामालातही फरक आहे. नागलीच्या पापडावर जीएसटी नाही, नागलीच्या बिस्किटावर आहे. तेव्हा नवा माल काढण्याआधी विचारून घ्यावे.

तुमच्याकडे मागणे

शेवटी, तुम्ही काय करू शकता? तुमच्यात निवृत्त बँक कर्मचारी आहेत, शिक्षक आहेत, हिशेब तपासणारे आहेत. यंत्रासाठी देणगी देणारे पुष्कळ भेटतात, आणि देव त्यांना आशीर्वाद देवो. पण महिन्यातला एक शनिवार पाड्यावर बसून रोजकीर्द लिहायला शिकवणारा माणूस मिळत नाही. आम्हाला तुमच्याकडून ते शनिवार हवे आहेत. शिकवायला या, पण वही तुमच्या हातात घेऊ नका. त्यांना हळू लिहू द्या, खाडाखोड करू द्या. तीन वर्षांनी तुमची गरज उरली नाही, तर काम झाले असे समजा.

ज्यांना यायला जमत नाही, त्यांनी नोंदणीच्या वर्षी लागणाऱ्या खर्चाला हातभार लावावा. स्टँपपेपर, तालुक्याच्या एसटीचे भाडे, त्या दिवशीची बुडालेली मजुरी. अहवालात या खर्चाचा फोटो छापता येत नाही, म्हणून त्याला देणगीदार मिळत नाही. आपल्या देशातल्या देणग्यांतून हा खर्च वेगळा दाखवायला कार्यकारी मंडळाने मान्यता द्यावी, अशी माझी त्यांना नम्र विनंती आहे.

आणि प्रार्थनेत त्या अकरा भगिनींची आठवण ठेवा. शेजारच्या तीन पाड्यांनी त्यांच्याबरोबर येण्याची इच्छा दाखवली आहे. येत्या पावसाळ्यानंतर त्या ठरवणार आहेत की सहकारी संस्था करायची की उत्पादक कंपनी. निर्णय त्यांचाच असेल. तो त्यांना सुबुद्धीने घेता यावा.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.